कमिट आणि पुश माणसाच्या हातून काढून घ्यावे का?

खटपट्या_अंबडकर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम लिहिण्याचे आणि सांभाळण्याचे काम करतो. सात मशीन आहेत आणि त्यांचे मिळून साधारण अकराशे प्रोग्रॅम आहेत. प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे साधी मजकुराची फाइल, टक्केचिन्हाने सुरू होणारी आणि टक्केचिन्हानेच संपणारी. फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला याहून सोयीचा माल कुठला मिळणार, असा विचार करून दीड वर्षापूर्वी मी सगळे फोल्डर गिटमध्ये आणले. बदल झाला की कमिट करायचे (कारण लिहून तो इतिहासात नोंदवायचा) आणि घरी निघताना पुश करायचे (त्या नोंदी दुसऱ्या संगणकावरच्या प्रतीकडे, म्हणजे रिमोटकडे, पाठवायच्या), असा नेम स्वतःलाच घालून घेतला.

त्या नेमाचा पूर्वार्ध मी पाळला. गेल्या महिन्यात एका दुपारी वीज दोनदा गेली आणि दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा आल्यावर माझ्या संगणकाची हार्ड डिस्क उठलीच नाही. रिमोटवरचा शेवटचा पुश तेवीस दिवसांपूर्वीचा निघाला. मधल्या काळातले सगळे कमिट व्यवस्थित, संदेशासह केलेले होते, फक्त ते त्याच डिस्कच्या पोटात होते. पुढचे चार दिवस मी एकेका मशीनच्या कंट्रोलरमधून प्रोग्रॅम परत उतरवत बसलो होतो.

आता मालकांचे म्हणणे असे आहे की हे काम माणसावर ठेवूच नये. दर पंधरा मिनिटांनी स्क्रिप्टने फोल्डर बघावे, बदल असेल तर कमिट करावे आणि लगेच पुश करावे. मला हे पटते, पण पूर्ण पटत नाही. रात्रपाळीत कोणीतरी एखाद्या प्रोग्रॅममधला फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) ०.२० वरून ०.१५ वर आणतो. स्क्रिप्ट तो बदल टिपेल, पण तो का केला हे तिला कसे कळणार? वर्षभराने त्या इतिहासात 'आपोआप साठवले, ०२:१५' अशा हजारो ओळी दिसल्या तर त्यांचा उपयोग काय? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

सातपूर_लोकल (सोमवार, रात्री १०:०५)

करून टाका. सहा ओळींचे काम आहे. फोल्डरमध्ये जायचे, 'गिट ॲड' (कमिटसाठी फाइली निवडणे) सगळ्या फाइलींसाठी चालवायचे, 'गिट डिफ'ला 'कॅश्ड' आणि 'क्वाएट' हे पर्याय देऊन काही बदल आहे का ते विचारायचे, असेल तरच तारीख आणि संगणकाचे नाव संदेशात घालून कमिट करायचे, मग रिबेससह पुल (रिमोटवरचे नवे बदल खाली आणून त्यांवर आपले कमिट रचणे) आणि शेवटी पुश. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीला, म्हणजे लिनक्सवर क्रॉनला आणि विंडोजवर टास्क शेड्युलरला, लावून द्यायचे. माझ्याकडे दोन वर्षे चालू आहे.

चहाबाज (सोमवार, रात्री १०:११)

चार दिवस कंट्रोलरमधून प्रोग्रॅम उतरवत बसलात, म्हणजे तुमचा खरा रिमोट मशीनच निघाले की!

पंचवटीकर (सोमवार, रात्री १०:५०)

माझा याला स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ सोवळेपणाचा नाही.

कमिट ही साठवणूक नसून विधान असते. 'अमुक कारणासाठी मी एवढे बदल एकत्र केले आणि या टप्प्यावर काम चालू स्थितीत आहे', असे ते विधान आहे. घड्याळ असे विधान करू शकत नाही. पंधरा मिनिटांचा ठोका पडला तेव्हा तुम्ही अर्धी ओळ लिहून चहाला गेला असाल, तर ती अर्धी ओळही इतिहासात कायमची बसते. पुढे एखादा दोष नेमका केव्हा शिरला हे शोधण्यासाठी 'गिट बायसेक्ट' चालवले, तर त्याला दर दुसऱ्या पायरीवर मोडका प्रोग्रॅम भेटतो आणि ते साधन निरुपयोगी ठरते. दिवसाला ९६ ठोके धरले तर वर्षाला ३५,०४० होतात. त्यांतल्या दहाव्या हिश्श्यात जरी बदल सापडला, तरी साडेतीन हजार मुके कमिट जमा होतील.

तुमचा मूळ अपघात कमिट न केल्यामुळे झालाच नव्हता, पुश न केल्यामुळे झाला होता. मग औषध पुशपुरतेच घ्यावे. पोस्ट-कमिट हुकमध्ये (कमिट झाला की गिट आपोआप चालवते त्या स्क्रिप्टमध्ये) पुशची एक ओळ लिहिली, की तुम्ही हाताने केलेला प्रत्येक कमिट लगेच वर जाईल. व्हीएस कोड हा संपादक वापरत असाल तर कमिटनंतर आपोआप पुश करण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्येच आहे.

सातपूर_लोकल (सोमवार, रात्री ११:०२)

पंचवटीकर, हुक 'डॉट गिट' फोल्डरच्या आत राहतो आणि क्लोन करताना, म्हणजे सगळे नव्या संगणकावर उतरवून घेताना, सोबत येत नाही. नवीन संगणक आला की तो पुन्हा बसवावा लागतो, आणि हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. शिवाय रात्रपाळीचा ऑपरेटर हाताने कमिट करणार आहे का?

जुनी_पाटी (मंगळवार, सकाळी ६:३५)

दोघांच्या वादात एक जुनी गोष्ट सांगतो, कारण घोळ शब्दातच आहे.

आम्ही पूर्वी सबव्हर्जन ही अशीच इतिहास ठेवणारी प्रणाली वापरत असू. त्यात कमिट केले म्हणजे बदल थेट मध्यवर्ती सर्व्हरवर पोहोचलेला असे. सर्व्हर बंद असला तर कमिटच होत नसे, आणि माणूस चडफडत का होईना पण सावध राहत असे. लिनक्सच्या कर्नेलसाठी (गाभ्यासाठी) वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या तशाच प्रणालीची फुकट वापराची सवलत २००५ साली बंद झाली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले. जगभर विखुरलेल्या लोकांनी सर्व्हरशिवाय काम करावे हाच त्यात हेतू असल्यामुळे कमिट स्वतःच्या संगणकावर आणि पुश नंतर, सवडीने, अशी कामाची वाटणी झाली. ती वाटणी त्या लोकांसाठी योग्यच होती. आपल्यासारखा एका टेबलावरचा एकटा माणूस मात्र 'कमिट केले' म्हणतो आणि सबव्हर्जनवाल्याच्या निश्चिंतपणे झोपतो.

आणि रिमोट म्हणजे परदेशातला सर्व्हरच हवा, असेही नाही. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून लिहिलेले प्रोग्रॅम बाहेर ठेवण्याची परवानगी तुमच्या करारात आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संगणकावर 'बेअर' रिपॉझिटरी (कामाच्या फाइलींशिवाय नुसता इतिहास ठेवणारा गिटचा साठा) करून ठेवली तरी तो रिमोटच आहे. एकाच पुशमध्ये दोन ठिकाणी पाठवायचे असेल तर एका रिमोटला दोन पुश-पत्ते जोडता येतात.

खटपट्या_अंबडकर (मंगळवार, सकाळी ८:१५)

काका, कराराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज मालकांना विचारतो.

द्राक्षमळा (मंगळवार, दुपारी १:२०)

आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. पानांचा ओलावा, तापमान आणि पाऊस मोजणारी उपकरणे बागेत बसवली आहेत आणि त्यांच्या नोंदी दर दहा मिनिटांनी सीएसव्ही फाइलीत जमा होतात. त्या फाइली स्क्रिप्ट दर तासाला कमिट आणि पुश करते. येथे पंचवटीकर यांचा आक्षेप लागू होत नाही, कारण पाऊस का पडला याचे कारण कमिट संदेशात कोणी मागत नाही. माणसाने लिहिलेला मजकूर आणि यंत्राने लिहिलेली नोंद यांत हा फरक करायला हवा.

पण मला बसलेला फटका वेगळाच आहे. भावाने रोगाची लागण दाखवण्यासाठी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये टाकला. १४० एमबीची फाइल होती. आमचा रिमोट गिटहब या सेवेवर आहे आणि ती १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. स्क्रिप्टने ती इमानदारीने कमिट केली, पुश नाकारला गेला, आणि पुढच्या तासाला स्क्रिप्टने त्याच कमिटवर नवीन कमिट रचला, तोही नाकारला गेला. भावाने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून टाकला, तरी जुन्या कमिटमध्ये तो होताच, त्यामुळे अडलेले काही सुटले नाही. एकोणीस दिवस स्क्रिप्ट ठरल्या वेळी धावत होती, कमिट करत होती, आणि वर एक अक्षरही जात नव्हते. फवारणीचा हिशेब काढताना घरून आकडे पाहायला गेलो, तेव्हा हे समजले.

म्हणून फोल्डरमधले सगळे उचलू नये, फक्त ठरावीक प्रकारच्या फाइली उचलाव्यात. 'गिटइग्नोर'मध्ये (काय वगळायचे त्या यादीच्या फाइलीत) आधी सगळे वगळावे आणि मग हवे तेवढेच आत घ्यावे.

सिन्नरफाटा (मंगळवार, दुपारी २:०५)

एकोणीस दिवसांच्या क्लबात माझेही नाव घ्या. माझे क्रॉन चालत होते, पण पुश होत नव्हता. हाताने स्क्रिप्ट चालवली की सगळे ठीक! दोन रविवार गेल्यावर कळले की क्रॉनला माझे वातावरण मिळत नाही. टर्मिनलमध्ये एसएसएच एजंटने माझी की (रिमोटवर ओळख पटवणारी चावी) उघडून ठेवलेली असते, आणि क्रॉनला तो एजंट दिसतच नाही. की सांकेतिक वाक्याने बंद असल्यामुळे प्रश्न विचारला जात होता आणि उत्तर द्यायला समोर कोणी नव्हते. शेवटी त्या एका रिपॉझिटरीपुरती चालणारी, लिहिण्याची परवानगी असलेली वेगळी डिप्लॉय की केली. ती चोरीला गेली तरी नुकसान त्या एकाच रिपॉझिटरीपुरते राहते. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले आहे, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिण्याचा जुना उद्योग आता तसाही चालत नाही.

विंडोजवाल्यांसाठी एक सूचना. टास्क शेड्युलरमध्ये 'संगणक विजेवर असेल तरच काम सुरू करावे' ही खूण मुळातच केलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर असला की काम सुरूच होत नाही. चुकलेली वेळ नंतर भरून काढण्याची खूण मात्र मुळात केलेली नसते. म्हणजे दोन्हीकडून उलटे.

लेखनिका (मंगळवार, सायंकाळी ५:४५)

मी भाषांतराचे काम करते आणि माझे सगळे मसुदे साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. मी घड्याळाऐवजी पहारेकरी वापरते. लिनक्समध्ये आयनोटिफाय ही सोय आहे, ती फाइल बदलल्याची खबर देते, आणि तिच्यावर बेतलेली 'गिटवॉच' ही स्क्रिप्ट थोडे थांबून कमिट व पुश करते. आरंभी मी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट एकेका फाइलीवर नजर ठेवत होती आणि पहिल्या बदलानंतर गप्प व्हायची. कारण असे की बरेचसे संपादक जुनी फाइल बदलत नाहीत, नवी लिहून तिला जुन्याचे नाव देतात. पहारा जुन्या फाइलीवर आणि ती तर केव्हाच गेलेली. नजर फोल्डरवर ठेवावी.

एक प्रांजळ कबुली. एका संस्थेच्या सेवेची गुप्त चावी असलेली फाइल माझ्याकडून अशीच आपोआप वर गेली. हाताने कमिट केला असता तर यादीत ते नाव दिसले असते आणि बोट थांबले असते.

चहाबाज (मंगळवार, सायंकाळी ६:००)

मग ती फाइल काढून नवीन कमिट केला असेलच ना ताई?

लेखनिका (मंगळवार, सायंकाळी ६:१२)

केला, आणि संदेशात 'चुकून गेलेली चावी काढली' असेही लिहिले. म्हणजे ज्याला शोधायची नव्हती त्यालाही पत्ता दिला. फाइल पुढच्या कमिटमध्ये नसली तरी मागच्या कमिटमध्ये राहतेच, हे मला नंतर उमगले. आधी ती चावी रद्द करून नवी घेतली आणि मग 'फिल्टर-रेपो' या साधनाने इतिहास धुतला. क्रम हाच ठेवावा, कारण इतिहास धुवेपर्यंत कोणी उतरवून घेतला असेल तर ते आपल्याला कळत नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीत ओळखता येण्याजोगी चावी दिसली तर गिटहब २०२४ पासून आपणहून पुश अडवते, परंतु माझी रिपॉझिटरी खासगी होती.

पंचवटीकर (मंगळवार, रात्री ८:३०)

पाहा, मोठी फाइल, मुकाट बंद पडलेला पुश आणि उघडी पडलेली चावी, तिन्ही प्रसंगांत बघणारा माणूस नव्हता. मी वेगळे काय म्हणत होतो?

द्राक्षमळा (मंगळवार, रात्री ८:४५)

आणि धागाकर्त्याच्या प्रसंगात बघणारा माणूस होता, तरीही तेवीस दिवस गेले.

सातपूर_लोकल (मंगळवार, रात्री ९:१०)

+१. काल फुशारकीने सहा ओळी सांगितल्या, आज त्यांतल्या पाचव्या ओळीचा गुन्हा कबूल करतो. दोन संगणक एकाच ब्रँचवर (इतिहासाच्या एकाच फांदीवर) ढकलत होते. दोघांनी एकच प्रोग्रॅम बदलला आणि रिबेससह पुल मध्येच संघर्षावर अडकला. गिटने त्या फाइलीत आपल्या कोनी कंसांच्या खुणा घालून 'तुम्ही निवडा' म्हणून सोडून दिले. पंधरा मिनिटांनी स्क्रिप्ट पुन्हा आली, तिने सगळ्या फाइली ॲड केल्या, म्हणजे गिटच्या दृष्टीने संघर्ष मिटला, आणि त्या खुणांसह कमिट झाला. ऑपरेटरने तोच प्रोग्रॅम मशीनवर चढवला. मशीनने अलार्म देऊन नकार दिला, हे नशीब. मशीनने त्या खुणांना कंसातल्या टिपेसारखे दुर्लक्षून प्रोग्रॅम चालवला असता तर काय झाले असते, हा विचार मी करत नाही.

आता स्क्रिप्टमध्ये पुल नाहीच. प्रत्येक संगणकाची स्वतःची ब्रँच आहे आणि तो फक्त तिच्यावरच ढकलतो. एका ब्रँचवर एकच लिहिणारा असला की भांडण कोणाशी होणार? शिवाय आधीची फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू होऊ नये म्हणून 'एफलॉक' लावले आहे.

जुनी_पाटी (बुधवार, सकाळी ६:२०)

सातपूर_लोकल यांनी उत्तर जवळजवळ दिलेच आहे, ते मी पुढे नेतो. पंचवटीकर यांचा इतिहास आणि मालकांची सुरक्षितता एकाच ब्रँचवर नांदवण्याचा हट्ट सोडावा. यंत्राने 'साठवण' नावाच्या ब्रँचवर हवे तितके मुके कमिट करावेत आणि माणसाने 'मेन' या मुख्य ब्रँचवर सवडीने, कारण लिहून, मोजके कमिट करावेत.

यात एक अडचण येते. तुम्ही 'मेन'वर काम करत असताना स्क्रिप्ट ब्रँच बदलू लागली तर तुमच्या पायाखालची सतरंजी निघेल. त्यासाठी गिटमध्ये आतली वाट आहे. ॲडची यादी ज्या इंडेक्स फाइलीत राहते, तिच्याऐवजी स्क्रिप्टला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दुसरी तात्पुरती इंडेक्स फाइल द्यावी. तिच्यात सगळे ॲड करावे, 'राइट-ट्री'ने वृक्ष (फाइलींची त्या क्षणाची मांडणी) लिहावा, 'कमिट-ट्री'ने 'साठवण'च्या आधीच्या टोकाला नवा कमिट जोडावा आणि 'अपडेट-रेफ'ने ते टोक पुढे सरकवावे. तुमची चालू ब्रँच आणि तुम्ही अर्धवट निवडलेली यादी यांना धक्काही लागत नाही. मग ती एकच ब्रँच पुश करावी.

मशीनच्या प्रोग्रॅमसाठी आणखी एक. विंडोजवरचे गिट ओळींचे शेवट बदलते, आणि जुने कंट्रोलर त्या बाबतीत हट्टी असतात. 'गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये त्या फाइलींसाठी हे रूपांतर बंद करावे.

पंचवटीकर (बुधवार, सकाळी ९:००)

या रचनेला माझा विरोध नाही. मात्र 'साठवण'ला इतिहास म्हणू नये, एवढाच आग्रह आहे. आणि पुश मुकाट बंद पडण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. लॉग ठेवा असे सगळे म्हणतात, पण लॉग कोण वाचतो?

सिन्नरफाटा (बुधवार, सकाळी ९:४०)

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हा आकडा नाशकात किती जण लक्षात ठेवतात? पण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, हे भाजीवालासुद्धा सांगतो. तसा मारुती हवा.

मी असे केले आहे की स्क्रिप्टने 'मी यशस्वी झाले' हे सांगायचेच नाही, कारण जी मेली ती 'मी मेले' असे सांगू शकत नाही. दुसऱ्याच संगणकावरून रोज सकाळी रिमोट फेच करायचा (त्यावरचे नवे उतरवून घ्यायचे) आणि त्यावरचा शेवटचा कमिट किती तासांपूर्वीचा आहे ते पाहायचे. ठरलेल्या तासांपेक्षा जुना असेल तर मोबाइलवर निरोप येतो. अडथळा कीचा असो, मोठ्या फाइलीचा असो की मेलेल्या डिस्कचा, या एका प्रश्नात सगळे सापडते.

द्राक्षमळा (बुधवार, सकाळी १०:१५)

ज्या दिवशी खरोखर काहीच बदलले नाही, त्या दिवशी खोटी आरोळी उठेल. आम्ही स्क्रिप्टला एका लहान फाइलीत रोज एकदा तारीख लिहायला लावतो, म्हणजे निदान एक कमिट होतोच.

चहाबाज (बुधवार, सकाळी १०:३०)

म्हणजे मारुतीला रोज एक तांब्या पाणी घालायचे. वाचनखूण साठवली आहे.

खटपट्या_अंबडकर (तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:२०)

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण आधी चालवून पाहायचे होते.

करारात गिऱ्हाइकाची माहिती बाहेर ठेवायला मनाई निघाली. त्यामुळे रिमोट म्हणून एक बेअर रिपॉझिटरी स्टोअरच्या खोलीत आणि दुसरी मालकांच्या गंगापूर रोडच्या घरी ठेवली आहे. काकांच्या तात्पुरत्या इंडेक्सच्या वाटेने दर पंधरा मिनिटांनी 'साठवण' ब्रँच दोन्हीकडे जाते, आणि फक्त प्रोग्रॅमच्या फाइली उचलल्या जातात. 'मेन'वर मी आठवड्यातून दोनदा बसून, काय बदलले ते पाहून, कारण लिहून कमिट करतो. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या पडद्यावर शेवटचा पुश किती मिनिटांपूर्वी झाला तो आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो. ऑपरेटर त्याला मारुतीच म्हणतात. साठच्या वर गेला की कोणीतरी हाक मारतो. आतापर्यंत दोनदा हाक आली. एकदा स्विचची वायर निघाली होती, आणि एकदा मालकांच्या घरचे नेट बंद होते.

माझा मूळ प्रश्न मात्र कारणाचा होता. परवा 'साठवण'मध्ये तोच बदल पुन्हा दिसला, रात्री सव्वादोन वाजता, फीड ०.२० चा ०.१५. वेळ कळल्यामुळे पाळी कळली आणि पाळीमुळे माणूस कळला. सकाळी त्याला विचारले तर म्हणाला, "दादा, इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्यांचा) नवीन डबा फोडला होता, त्याने ०.२० ला फिनिश येत नव्हता." तोच डबा अजून चालू आहे आणि दिवसपाळीवाले रोज सकाळी फीड पुन्हा ०.२० करत होते. आता ऑपरेटरने बदल करताना त्याच ओळीच्या पुढे कंसात दोन शब्द लिहायचे असे ठरले आहे.

पंचवटीकर (रविवार, दुपारी १२:०५)

ते दोन शब्द म्हणजेच कमिट संदेश झाला.

खटपट्या_अंबडकर (रविवार, दुपारी १२:३०)

झाला खरा. काल एकाने कंसात 'साहेबांना विचारा' असे लिहून ठेवले आहे.